नॉब एकीकडे, आवाज भलतीकडे

सिंथेसायझर या विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यावर प्रीसेट (आधी साठवलेला आवाज) बदलला की आवाज बदलतो, नॉब मात्र होते तिथेच राहतात. कटऑफचा (आवाजातला तीक्ष्ण भाग कुठपासून कापायचा ते ठरवणारा) नॉब पार डावीकडे आणि आवाज कानाला टोचेल इतका खणखणीत, हे त्यामुळे रोजचंच. आता त्या नॉबला जरा हात लागला की आवाज एकदम बसतो. दुसऱ्या एखाद्या यंत्रावर तोच नॉब अर्धा फिरवला तरी ढिम्म काही होत नाही. दोन्ही वेळा यंत्र बिघडलंय असं वाटतं, आणि दोन्ही वेळा ते ठणठणीत असतं.

गोम अशी की एकाच सेटिंगच्या तीन प्रती यंत्रात एकाच वेळी असतात. पहिली नॉबच्या स्थितीत, दुसरी एडिट बफर नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत आणि तिसरी पॅच (एका आवाजाच्या सगळ्या सेटिंगचा संच) साठवलेल्या कायमच्या स्मृतीत. वाजते ती फक्त दुसरी. या तिन्हींचा मेळ कुठे आणि का सुटतो हे एकदा कळलं की पॅनेलवरचे बहुतेक घोटाळे स्वतःहून उलगडतात, आणि मेन्यूमधले काही विचित्र वाटणारे पर्याय तिथे का ठेवलेत तेही लक्षात येतं.

मधली तार गेली

१९७० साली आलेल्या मिनीमूगमध्ये नॉब हा थेट सर्किटचा भाग होता. कटऑफ फिरवला की फिल्टरला (तीक्ष्ण भाग कापणाऱ्या सर्किटला) जाणारा विद्युतदाब बदलायचा, बस्स. आवडलेला आवाज जपायचा तर पॅनेलचं चित्र छापलेल्या कागदावर प्रत्येक नॉबची जागा पेनाने नोंदवायची आणि पुढच्या वेळी कागद बघून सगळं पुन्हा लावायचं. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये डेव्ह स्मिथ यांनी मायक्रोप्रोसेसर बसवला. तो नॉब वाचायचा, त्यांचे आकडे करायचा, ४० आवाज लक्षात ठेवायचा आणि बटण दाबताच तेच आकडे पुन्हा विद्युतदाबात बदलून ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारा भाग) आणि फिल्टर यांना द्यायचा. आजही एखादा सिंथ ‘पूर्ण ॲनालॉग’ म्हणून विकला जात असेल आणि त्यात पॅच साठवता येत असतील, तर नॉब आणि फिल्टर यांच्यामध्ये हा संगणक आहेच.

नॉबच्या खाली बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. वाजवणारे त्याला नुसतं पॉट म्हणतात. आत कार्बनची कमानीसारखी पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा धातूचा संपर्क असतो. पट्टीच्या दोन टोकांमध्ये ठरावीक दाब दिलेला असतो आणि संपर्क जिथे टेकेल त्या प्रमाणात दाब बाहेर येतो. प्रोसेसर तो सतत मोजत राहतो. या मोजणीत थोडी थरथर असतेच. म्हणून फर्मवेअर (यंत्रातला कायमचा प्रोग्रॅम) बारीकसे बदल मुद्दाम दुर्लक्षित करतं, नाहीतर नॉबला हात न लावताही आकडा ६३ आणि ६४ मध्ये नाचत बसला असता. याचा दुष्परिणाम म्हणजे नॉब अगदी हलक्या हाताने हलवला तर पहिल्या क्षणी काहीच होत नाही. आणि स्क्रीनवर आकडा खरोखरच नाचत असेल, तर तो पॉट मळला आहे असं समजावं.

जंप, कॅच, स्केल

साठवलेल्या पॅचमध्ये कटऑफ ९० आहे आणि नॉब २० वर उभा आहे असं समजा. आता तुम्ही नॉब फिरवलात तर यंत्राने काय करावं? या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत आणि ती ग्लोबल किंवा सिस्टीम मेन्यूमध्ये ‘पॉट मोड’ किंवा ‘नॉब मोड’ अशा नावाखाली सापडतात.

जंपमध्ये नॉब हलताक्षणी आकडा ९० वरून थेट २१ वर येतो. नवा आवाज घडवताना हेच बरं, कारण हात आणि कान यांच्यात काही अडथळा राहत नाही. मंचावर मात्र हाच मोड घात करतो.

कॅचमध्ये, ज्याला काही ठिकाणी पिकअप किंवा पास-थ्रू म्हणतात, नॉब २० पासून ८९ पर्यंत फिरला तरी यंत्र गप्प राहतं. नॉब ९० ओलांडतो तेव्हा ते त्याला ‘पकडतं’ आणि तिथून पुढे नॉब आणि आवाज बरोबर चालतात. वाजवताना हा सर्वांत सुरक्षित मोड. नवख्यांच्या ‘नॉब मेलाय’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. उपाय सोपा आहे: नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवावा, वाटेत कुठेतरी तो पकडला जातोच. कित्येक यंत्रांवर नॉब फिरवताना स्क्रीनवर साठवलेला आणि नॉबचा असे दोन्ही आकडे दिसतात. ते बघत फिरवलं तर अंदाज बांधावा लागत नाही.

स्केल मोड जरा लबाड आहे. त्यात नॉब उजवीकडे नेला तर उरलेल्या १०७ पायऱ्यांमध्ये ९० ते १२७ हा पट्टा बसवला जातो, म्हणजे नॉबच्या एका पायरीला जेमतेम एक तृतीयांश बदल. डावीकडे नेला तर अवघ्या २० पायऱ्यांमध्ये ९० आकडे खाली यायचं असतं, म्हणजे एका पायरीला साडेचार. एकाच नॉबचा हात एका दिशेला जड आणि दुसऱ्या दिशेला बेफाम हलका लागतो. नॉब एकदा टोकाला पोचला की दोघांचा मेळ जमतो आणि मग तो सरळ वागतो.

या भानगडीतून सुटण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे पॉटऐवजी टोकं नसलेला, गोल-गोल फिरणारा एन्कोडर. त्याला स्वतःची जागाच नसते. तो फक्त ‘एक पायरी उजवीकडे’ किंवा ‘एक पायरी डावीकडे’ एवढंच सांगतो, त्यामुळे मेळ बिघडायला काही उरत नाही. नॉर्ड लीड ३ ने अशा नॉबभोवती दिव्यांचं कडं बसवून खरा आकडा तिथेच दाखवला होता. दिव्यांचं कडं नसेल तर मात्र नॉबकडे बघून काहीच कळत नाही, स्क्रीनकडेच बघावं लागतं. दुसरी अडचण वेगाची. एका फेरीत २४ खटके असलेल्या एन्कोडरने ० ते १२७ जायला पाचपेक्षा जास्त फेऱ्या लागतात. म्हणून फर्मवेअर वेग ओळखतं: झटक्यात फिरवलं तर मोठ्या उड्या, सावकाश फिरवलं तर एकेक पायरी. नेमका आकडा हवा असेल तर शेवटचे चार-पाच खटके मोजून, थांबत-थांबत द्यावेत.

एन्कोडर दिशा कशी ओळखतो? आत दोन संपर्क असतात आणि ते किंचित मागेपुढे उघडझाप करतात. आधी पहिला मिटला तर उजवीकडे, आधी दुसरा मिटला तर डावीकडे. यातला एक मळला की प्रोसेसरला क्रम चुकीचा दिसतो आणि उजवीकडे फिरवताना आकडा ४१, ४२, ४१, ४३ असा अडखळत चालतो. जुन्या यंत्रांवर मेन्यूचा मुख्य एन्कोडर आधी जातो, कारण सगळा भार त्याच्यावर.

१२७ वरच का थांबतं

बहुतेक आकडे ० ते १२७ असतात, कारण १९८३ पासून चालत आलेल्या मिडीच्या (वाद्यं आणि संगणक यांना जोडणाऱ्या ठरावीक भाषेच्या) संदेशात किमतीसाठी सात बिट असतात आणि सात बिटांत १२८ आकडे मावतात. आवाजाची पातळी किंवा रिव्हर्बचं प्रमाण ठरवायला हे पुरतं. कटऑफला मात्र कमी पडतं. माणसाला ऐकू येणारा पट्टा साधारण २० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झ, म्हणजे सुमारे दहा सप्तकं, म्हणजे १२० अर्धस्वर. ते १२८ पायऱ्यांत वाटले तर एक पायरी जवळजवळ एका अर्धस्वराएवढी होते. सरावलेल्या कानाला अर्धस्वराच्या विसाव्या भागाचा फरकही कळू शकतो.

हे स्वतः ऐकता येतं. ऑसिलेटरची पातळी शून्यावर आणा, रेझोनन्स (कटऑफच्या आसपासचा भाग उठवणारा नॉब) पूर्ण वाढवा. बऱ्याच फिल्टरमधून आता शिट्टीसारखा शुद्ध सूर येऊ लागेल. फिल्टर स्वतःच दोलन करू लागल्याची ही खूण. आवाज आधी कमी करून ठेवा, कारण ही शिट्टी अचानक मोठी होते. आता कटऑफ अतिशय सावकाश फिरवा. सूर मींडेसारखा सलग चढला तर यंत्र आत जास्त बारकाईने मोजतंय किंवा दोन आकड्यांमधली जागा गुळगुळीत करून भरतंय. जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखा तुटक गेला तर सात बिटांचा हिशेब उघडा पडला. यालाच झिपर नॉइज म्हणतात.

उपाय म्हणून कित्येक यंत्रं नॉबची हालचाल एनआरपीएन या मिडीच्या जास्त बारीक पद्धतीने पाठवतात. त्यात १६,३८४ पायऱ्या मिळतात आणि कटऑफची पायरी अर्धस्वराच्या शंभराव्या भागाहूनही लहान होते. पण त्यासाठी एकाऐवजी चार संदेश लागतात. जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. तीन बाइटांचा साधा संदेश एका मिलिसेकंदात जातो, एनआरपीएनला जवळजवळ चार लागतात. तीन-चार नॉब एकदम फिरवत स्वरही वाजवत असाल तर स्वर रांगेत अडकतात आणि ताल डळमळतो. अशा वेळी ग्लोबल मेन्यूत पॅरामीटर पाठवण्याचा पर्याय एनआरपीएनवरून साध्या सीसीवर (सात बिटांच्या नेहमीच्या संदेशांवर) आणावा, किंवा नोंदवायचं नसेल तर बंदच करावा.

फिरतोय, पण फरक नाही

पॉट मोड तपासला, नॉब पकडला गेलाय, स्क्रीनवर आकडाही बदलतोय आणि तरी कानाला काही नाही. इथे दोष मेन्यूचा नसतो, बेरजेचा असतो.

फिल्टर खरोखर कुठे कापेल हे एकटा कटऑफ ठरवत नाही. कटऑफचा आकडा, अधिक एन्व्हलपचा (स्वर सुरू झाल्यापासून विरेपर्यंत चढ-उतार घडवणाऱ्या भागाचा) आकडा गुणिले त्याचं प्रमाण, अधिक एलएफओ (आकडा लयीत वर-खाली डोलवणारा मंद दोलक), अधिक कीबोर्डवरची पट्टी किती उंच सुराची आहे त्याचा हिस्सा, अधिक पट्टी किती जोरात दाबली त्याचा हिस्सा, ही सगळी बेरीज फिल्टरकडे जाते. सोयीसाठी सगळं ० ते १२७ च्या मापात धरू. कटऑफ ४०, एन्व्हलपचं प्रमाण ६० आणि सस्टेन (पट्टी दाबलेली असताना टिकणारी पातळी) निम्मं ठेवलं, तर स्वर लागल्यावर फिल्टर १०० पर्यंत उघडतो, ७० वर येऊन टिकतो आणि पट्टी सोडल्यावर ४० कडे परततो. सगळं छान ऐकू येतं. आता फक्त कटऑफ ११० करा. शिखराची बेरीज १७०, टिकण्याची १४०. दोन्ही १२७ च्या पलीकडे, आणि फिल्टर तर १२७ लाच पूर्ण उघडा. त्यामुळे डिके (शिखरावरून उतरायचा वेळ) आणि सस्टेन हे नॉब कसेही फिरवा, पट्टी दाबलेली असेपर्यंत फारसा फरक पडणार नाही. एन्व्हलप चालू आहे, पण छताच्या वर.

म्हणून नियम असा लक्षात ठेवावा: फिल्टरचा एन्व्हलप ऐकायचा तर आधी कटऑफ खाली आणा.

याच धाटणीची आणखी काही ठिकाणं आहेत. सस्टेन पूर्ण असेल तर डिकेला काही कामच उरत नाही, कारण उतरून जायला खालची पातळीच नाही. अटॅक (चढायचा), डिके (उतरायचा) आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायचा) हे वेळ सांगतात, सस्टेन मात्र पातळी सांगतो. चारही नॉब शेजारी-शेजारी आणि एकसारखे दिसत असल्यामुळे हा घोळ फार होतो. एलएफओचा वेग फिरवून काही होत नसेल तर त्याची खोली शून्य आहे का बघावं. कित्येक पॅचमध्ये ही खोली मॉड व्हीलवर (पट्ट्यांच्या शेजारच्या चाकावर) सोपवलेली असते आणि व्हील खाली असतं. फिल्टरचा रिलीज लांब ठेवला पण आवाजाच्या पातळीच्या एन्व्हलपचा रिलीज आखूड असेल, तर फिल्टर मिटण्याआधी आवाजच संपतो. अटॅकसारखे काही बदल काही यंत्रांवर पुढच्या स्वरापासून लागू होतात, म्हणून एकच पट्टी दाबून ठेवून नॉब फिरवत बसू नये, पुन्हा-पुन्हा वाजवावी.

उलट टोकाची गंमत म्हणजे आवाजच गायब होणं. ४४० हर्ट्झचा स्वर वाजतोय आणि कटऑफ ११० हर्ट्झवर आहे. फिल्टर सप्तकाला २४ डेसिबल कापणारा असेल तर दोन सप्तकांत ४८ डेसिबल कापले जातात, म्हणजे मूळ स्वराच्या लहरीची उंची साधारण अडीचशेव्या भागावर येते, आणि त्याचे उपस्वर तर त्याहूनही जास्त कापले जातात. लोक व्हॉल्यूम, केबल, स्पीकर सगळं तपासतात. आधी कटऑफ उघडून बघावा.

कुठला नॉब काय करतो हे शिकायचं तर फॅक्टरीच्या झगमगीत पॅचवर शिकू नये. ‘इनिट’ पॅच घ्यावा. त्यात बहुधा एकच ऑसिलेटर, उघडा फिल्टर, सस्टेन पूर्ण, इफेक्ट बंद अशी पाटी कोरी असते. कटऑफ तिसऱ्या हिश्श्यावर, एन्व्हलपचं प्रमाण मध्यावर, फिल्टरचं सस्टेन शून्य, डिके मध्यम, अटॅक शून्य एवढं लावलं की तार छेडल्यासारखा आवाज येतो. तिथून एका वेळी एकच नॉब हलवावा.

मेन्यूत शिरताना

१९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये एका आवाजाला नाव धरून १५५ आकडे होते आणि ते बदलायला एक सरकपट्टी, दोन बटणं आणि दोन ओळींची स्क्रीन. आवाज घडवणं इतकं जिकिरीचं होतं की बहुतेकांनी तयार आवाजच वापरले. मेन्यूबद्दलची भीती तिथूनच रुजली. १९९१ च्या रोलँड जेडी-८०० ने पॅनेलभर सरकपट्ट्या पुन्हा आणून त्याला उत्तर दिलं. आजची बहुतेक यंत्रं मधला मार्ग धरतात: रोजचे पंधरा-वीस नॉब वर, बाकी शिफ्ट बटणाखाली किंवा पानांमध्ये. माझ्या मते नॉबच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं हे की नॉब हलवताच स्क्रीनने त्या पानावर स्वतःहून उडी घ्यावी. ही सोय असेल तर मेन्यू पाठ करावा लागत नाही. काही यंत्रांवर ती ग्लोबलमध्ये बंद असते, ती शोधून चालू करावी.

मेन्यूचे दोन भाग नीट ओळखावेत. पॅचचे पर्याय पॅचबरोबर साठतात, ग्लोबलचे पर्याय सगळ्या यंत्राला लागू होतात. पॅच बदलूनही त्रास जात नसेल तर तो ग्लोबलमध्ये आहे. त्यातला ‘लोकल ऑफ’ सर्वांत जास्त छळतो: पट्ट्या आणि आवाजाचा भाग यांच्यातला दुवा तुटतो, पट्ट्या मिडीवरून संदेश पाठवत राहतात, पण यंत्र गप्प. संगणक जोडलेला असताना हे हवंच असतं, नाहीतर तोच स्वर एकदा पट्टीवरून आणि एकदा संगणकावरून परत येऊन दोनदा वाजतो. तेव्हा आवाज पोकळ, फुसफुसल्यासारखा लागतो आणि एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारं यंत्र चारवरच दम टाकतं. अर्पेजिएटर (दाबलेल्या पट्ट्यांचे स्वर एकामागून एक वाजवणारा भाग) चालूच होत नसेल तर क्लॉक (त्याला ठोका देणारं घड्याळ) ‘एक्स्टर्नल’वर, म्हणजे बाहेरच्या यंत्रावर, राहिलंय का बघावं. न येणाऱ्या ठोक्याची ते वाट बघत बसलेलं असतं. आणि पॅच दोन भागांचा असेल तर नॉब कोणत्या भागावर चालतायत, ए की बी, याची खात्री आधी करावी.

साठवताना घाई करू नये. एडिट बफर तात्पुरता असतो. पुढचा पॅच निवडला की जुने बदल गेले, आणि बहुतेक यंत्रं विचारतही नाहीत. म्हणून मनासारखं काही हाती लागलं की लगेच राइट किंवा स्टोअर दाबावं, रिकामा स्लॉट निवडावा, नाव द्यावं आणि पुन्हा राइट दाबून पक्कं करावं. शेवटचं दाबणं विसरलं की सगळं पाण्यात. ‘मेमरी प्रोटेक्टेड’ असं दिसलं तर ग्लोबलमधलं संरक्षण आधी काढावं. कंपेअर बटण साठवलेला आणि बदललेला आवाज आलटून-पालटून ऐकवतं. ते चालू असताना बरीच यंत्रं बदल स्वीकारत नाहीत, तेव्हा त्याचा दिवा विझवूनच पुढे जावं.

जुन्या यंत्रांची कायमची स्मृती खरं तर कायमची नसते, ३ व्होल्टच्या बटण-सेलवर जगते. सेल संपला की पॅच जातात आणि स्क्रीनवर अगम्य अक्षरं येतात. सेल काढला तरी तेच होतं, म्हणून आधी सिस्एक्स डम्प करून (साठवलेले पॅच मिडीवरून एकगठ्ठा पाठवून) पॅच संगणकावर घ्यावेत. डीएक्स७ चे ३२ आवाज म्हणजे ४,१०४ बाइट, केबलमधून सव्वा सेकंदाच्या आसपास. परत पाठवताना जुनी यंत्रं या वेगाला दमतात आणि अर्धवट भरतात. पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन संदेशांमध्ये थोडा विराम ठेवला की काम होतं.

पॉट मळला असेल तर यंत्र बंद करून, प्लग काढून, पॉटच्या फटीत पॉटसाठीच्याच कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक हलका फवारा मारावा आणि नॉब वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. गंज सोडवायचे घरगुती स्प्रे वापरू नयेत, ते आतलं वंगण धुऊन नेतात आणि प्लास्टिकला बाधू शकतात. क्लीनर पूर्ण वाळल्याशिवाय यंत्र चालू करू नये. त्यानंतरही नॉब टोकाला नेऊन आकडा १२५ वरच अडकत असेल, तर ग्लोबलमध्ये पॉट कॅलिब्रेशन शोधावं. ते सांगेल त्याप्रमाणे प्रत्येक नॉब पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे नेला की यंत्र नवी टोकं लक्षात ठेवतं.